फोनॉन हॉल परिणाम: स्फटिकातले दोष कारण की अडथळा?

गारठा

विद्युतरोधक स्फटिकाच्या एका टोकाला हीटर लावायचा, दुसरं टोक थंड ठोकळ्याला चिकटवायचं आणि उष्णतेच्या प्रवाहाला काटकोनात चुंबकीय क्षेत्र द्यायचं. सॅम्पलच्या डाव्या आणि उजव्या कडांमध्ये अगदी किंचित तापमानफरक दिसतो, आणि क्षेत्र उलटं केलं की त्याचं चिन्ह उलटतं. हाच फोनॉन हॉल परिणाम; फोनॉन म्हणजे उष्णता वाहणारी, स्फटिकातल्या अणूंच्या जाळीच्या कंपनांची लहर. २००५ साली स्ट्रोम, रिकेन आणि वीडर यांनी टर्बियम गॅलियम गार्नेटमध्ये हा परिणाम पहिल्यांदा दाखवला. २००७ मध्ये इन्युश्किन आणि ताल्देन्कोव्ह यांनी त्याच पदार्थात तो पुन्हा मोजला. हॉल कोन, म्हणजे आडव्या आणि सरळ तापमान-उताराचं गुणोत्तर, इवलासा होता, साधारण दहा हजारांत एक.

आता यादी लांबली आहे: क्युप्रेट (थरांची तांबे-ऑक्साइडं), स्ट्रॉन्शियम टायटनेट, काळा फॉस्फरस, अल्फा रुथेनियम क्लोराइड. यातल्या बऱ्याच ठिकाणी कोन हजारात काही इतका मोठा मिळतो. फोनॉनवर विद्युतभार नसतो, त्यामुळे त्याला वळवतं कोण हा वाद चालूच आहे. एक गट म्हणतो, हा जाळीचाच गुण आहे. दुसरा म्हणतो, दोषांवर आपटून फोनॉन एका बाजूला जास्त उडतात.

माझे प्रश्न तीन:
१. कोणत्या जातीचे दोष फोनॉनला खरोखर वळवू शकतात?
२. दोष वाढवले की परिणाम वाढतो की मरतो?
३. वेगवेगळ्या दोषप्रमाणाची सॅम्पल्स घेऊन हे तपासायचं, तर मोजणीत काय सांभाळायचं?

काजवा

भार नाही, इंडिकेटर नाही, तरी वळतो. फोनॉन पुण्यातला दुचाकीस्वार दिसतोय.

जाळीदार

पहिल्या प्रश्नापासून सुरू करू. दोषांनी फोनॉनला *अडवणं* आणि *वळवणं* या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बहुतेक गोंधळ इथेच होतो.

अडवण्याचं गणित जुनं आणि पक्कं आहे. बिंदुदोष, म्हणजे रिक्त जागा, परका अणू किंवा वेगळ्या वस्तुमानाचा समस्थानिक, वारंवारितेच्या चौथ्या घाताने फोनॉन विखुरतात. डिस्लोकेशन, म्हणजे अणूंची रांग चुकलेली रेषा, तिच्याभोवतीचं ताणक्षेत्र पहिल्या घाताने विखुरतं, तिचा गाभा तिसऱ्या घाताने. सॅम्पलच्या भिंतींना वारंवारितेशी देणंघेणं नाही. कॅलवेच्या १९५९ च्या प्रारूपात हे सगळे दर बेरजेत टाकता येतात. म्हणून तापमानाविरुद्ध वाहकतेचा आलेख पाहून दोषांची जात ओळखता येते. अगदी कमी तापमानाला वाहकता तापमानाच्या घनाने वाढत असेल तर भिंतींचं राज्य आहे. वर्गाने वाढत असेल तर डिस्लोकेशनचा संशय घ्यावा. शिखर बुटकं झालं असेल तर बिंदुदोष.

यातला एकही दर फोनॉनला डावं-उजवं शिकवत नाही. त्यासाठी दोषाला चुंबकीय क्षेत्राची जाणीव हवी. ती तीन मार्गांनी येते. एक, दोषावर भार आहे, त्यामुळे तो हलला की त्यावर लॉरेन्ट्झ बल लागतं. फ्लेबस आणि मॅकडोनल्ड यांनी आयनिक स्फटिकातल्या भारित दोषांसाठी हेच मांडलं. दोन, दोषाला स्वतःचा चुंबकीय आघूर्ण आहे आणि त्याच्या ऊर्जापातळ्या जाळीच्या ताणाशी जोडलेल्या आहेत. तीन, दोष साधा आहे पण तो चुंबकीय क्रम असलेल्या यजमानात बसलाय आणि भोवतीची स्पिनं बिघडवतो.

नुसता वस्तुमानफरक असलेला समस्थानिक यापैकी कशातच बसत नाही. तो फक्त अडवतो.

तिरपांगडे

+१. गार्नेटचंच उदाहरण घ्या. २०१४ मध्ये मोरी, स्पेन्सर-स्मिथ, सुश्कोव्ह आणि माएकावा यांनी दाखवलं की मूळ जागेवर बसलेले टर्बियम आयन नव्हे, तर गॅलियमच्या जागी घुसलेले *जादा* टर्बियम आयन तिरकं (एका बाजूला जास्त) विखुरण घडवू शकतात. वितळलेल्या द्रवातून ओढून काढलेल्या गार्नेटमध्ये अणूंचं प्रमाण थोडंसं बिघडण्याचं हे प्रकरण असतंच. म्हणजे ज्या स्फटिकात हा परिणाम सापडला, तिथेच दोषाकडे बोट जातं.

सरळरेषा

इतकी घाई नको. समस्थानिक 'फक्त अडवतो' म्हणालात. स्ट्रॉन्शियम टायटनेटमध्ये साधा ऑक्सिजन काढून ऑक्सिजन-१८ भरला तर आडवी वाहकता (प्रवाहाला काटकोनातली; प्रवाहाच्या दिशेची ती सरळ) लक्षणीय घटते, हे २०२१ मध्ये छापून आलंय. मग समस्थानिकाचा संबंध नाही कसा?

दुसरं, काळा फॉस्फरस. एकच मूलद्रव्य, चुंबकीय नाही, आयनिक नाही. तिथेही परिणाम मोठा आहे, आणि आडव्या वाहकतेचं शिखर सरळ वाहकतेच्या शिखराच्याच तापमानाला येतं. स्ट्रॉन्शियम टायटनेटमध्येही तेच. शिखर एकत्र येणं म्हणजे उष्णता वाहणारे नेहमीचे फोनॉनच वळतायत. आता तर सिलिकॉन, जर्मेनियम, क्वार्ट्झमध्येही परिणाम दिसल्याचे अहवाल आहेत. इतक्या शुद्ध सिलिकॉनमध्ये दोष आणणार कुठून?

जाळीदार

सरळरेषा, ऑक्सिजन-१८ चा मुद्दा वेगळा आहे. तिथे जवळजवळ सगळा ऑक्सिजन बदलला जातो, म्हणजे तो विरळ दोष राहत नाही, यजमान पदार्थच बदलतो. साधा स्ट्रॉन्शियम टायटनेट फेरोविद्युत (आपोआप विद्युतध्रुवित) होण्याच्या उंबरठ्यावर अडकलेला असतो, जड ऑक्सिजन त्याला पलीकडे ढकलतो. मऊ, म्हणजे वारंवारिता शून्याकडे घसरणाऱ्या, फोनॉनचा स्वभावच बदलतो. त्यावरून 'समस्थानिक दोष वळवतो' असं निघत नाही.

फॉस्फरसचा मुद्दा मात्र मान्य. तिथे दोषवाद्यांकडे सोपं उत्तर नाही.

सिलिकॉनबद्दल: नैसर्गिक सिलिकॉनमध्ये २८ वस्तुमानाचे सुमारे ९२.२ टक्के, २९ चे ४.७ आणि ३० चे ३.१ टक्के अणू असतात. शिवाय विरघळलेला ऑक्सिजन, बोरॉन किंवा फॉस्फरसचा अंश आणि पृष्ठभाग. शिखराच्या खाली फोनॉनचा मुक्तपथ (दोन टकरांमधलं अंतर) सॅम्पलच्या रुंदीएवढा असतो, म्हणजे पृष्ठभाग हाच सगळ्यात मोठा 'दोष'. तपासायला सोपं आहे: तेच सॅम्पल आधी पॉलिश करून मोजा, मग बारीक पॉलिशपेपरने खरवडून पुन्हा मोजा.

लघुकोन

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'वाढतो' आणि 'मरतो', दोन्ही. खेळण्यातलं गणित करून पाहू, एकाच वारंवारितेचे फोनॉन धरून.

दोषांचं प्रमाण 'क'. इतर सगळ्या कारणांनी होणारा विखुरण-दर 'अ'. दोषांमुळे साधा विखुरण-दर क गुणिले 'ब', आणि तिरका दर क गुणिले 'ड', ज्यात 'ड' 'ब'पेक्षा खूप लहान. मग:

सरळ वाहकता = १ ÷ (अ + कब) या प्रमाणात
हॉल कोन = कड ÷ (अ + कब)
आडवी वाहकता = कड ÷ (अ + कब)चा वर्ग

दोष विरळ असताना तिन्हींपैकी फक्त सरळ वाहकता जवळपास स्थिर राहते, बाकी दोन 'क'च्या प्रमाणात वाढतात. दोष दाटले की कोन 'ड ÷ ब' ला येऊन थांबतो, आणि आडवी वाहकता उलट घसरू लागते. तिचं शिखर कब = अ असताना येतं. त्या क्षणी सरळ वाहकता शुद्ध सॅम्पलच्या बरोबर निम्मी असते.

म्हणजे मालिकेतल्या ज्या सॅम्पलची सरळ वाहकता निम्म्यावर आली आहे, तिथेच आडवा संकेत सर्वात जोरदार शोधायचा. आणि दोन सॅम्पल्सची तुलना करताना आडवी वाहकता नव्हे, कोन बघायचा. शुद्ध सॅम्पलची आडवी वाहकता जास्त आली म्हणून 'परिणाम जाळीचाच' असा निष्कर्ष काढणारे इथे फसतात: मुक्तपथ लांब असला की तिचा आकडा आपोआप फुगतो.

गारठा

लघुकोन, हे फार कामाचं. पण एकच वारंवारिता धरणं कितपत चालतं?

लघुकोन

फारसं नाही. चित्र समजायला पुरतं. खऱ्या स्फटिकात तिरकं विखुरण बहुधा अनुनादी असतं: दोषाच्या दोन पातळ्यांमधलं अंतर आणि फोनॉनची ऊर्जा जुळली की दर एकदम उसळतो. गुओ, जोशी आणि सचदेव यांनी, आणि स्वतंत्रपणे सन, चेन आणि किव्हल्सन यांनी अनुनादावरच भर दिला आहे.

अंदाजासाठी दोन आकडे लक्षात ठेवा. उष्णता वाहण्यात सर्वात भारी फोनॉन साधारण चार पट केटी (बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले तापमान) ऊर्जेचे, म्हणजे १ केल्विनला सुमारे ८० गिगाहर्ट्झचे असतात. जी-गुणक २ असलेल्या (एकट्या इलेक्ट्रॉनसारख्या) स्पिनची पातळी दर टेस्लाला २८ गिगाहर्ट्झने फाटते. १० टेस्लाला २८० गिगाहर्ट्झ झाले, म्हणजे अनुनाद साधारण साडेतीन केल्विनच्या फोनॉनशी. २० केल्विनच्या शिखरावर असा साधा स्पिन फारसं काही करत नाही. तिथे दोषाची पातळी स्फटिकक्षेत्राने (शेजारच्या आयनांच्या विद्युतक्षेत्राने) आधीच फाटलेली हवी, काही मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टने.

तिरपांगडे

तिसऱ्या जातीच्या दोषाला, म्हणजे चुंबकीय यजमानातल्या परक्या अणूला, सर्वात चांगला पुरावा स्ट्रॉन्शियम इरिडेटचा आहे, असं माझं मत. इरिडियमच्या जागी थोडं ऱ्होडियम घातलं की आडवी वाहकता कित्येक पटींनी उसळते. ऱ्होडियम आणखी वाढवून प्रतिलोहचुंबकीय (शेजारची स्पिनं उलटसुलट असलेला) क्रम नाहीसा झाला की ती परत कोसळते. आणि लँथेनम घातला, जो इरिडियमच्या थरात न बसता स्ट्रॉन्शियमच्या जागी बसतो, तर परिणाम बराच कमी. दोष *कुठे* बसलाय आणि भोवती चुंबकीय क्रम आहे की नाही, दोन्ही एकाच मालिकेत तपासलंय. २०२४ चं काम आहे.

याच्या आधी कॅनडातल्या शेरब्रुक विद्यापीठाच्या गटाने क्युप्रेटमध्ये २०२० साली उष्णता थरांना लंब दिशेने वाहवून मोजणी केली आणि परिणाम तिथेही मिळाला. स्पिनच्या लहरी थरांमधून सहज पार होत नाहीत, म्हणून वाहक फोनॉनच. वाहक कोण हे त्याने ठरलं. वळवतो कोण हे नाही.

सरळरेषा

इरिडेटचं मान्य. पण एका कुटुंबावरून सगळ्यांना एकच नियम लावू नका. स्ट्रॉन्शियम टायटनेटमध्ये परिणाम मोठा, आणि जवळजवळ तसाच असलेल्या पोटॅशियम टँटलेटमध्ये नगण्य. ऑक्सिजनच्या रिक्त जागा दोघांतही असतात. फरक असा की स्ट्रॉन्शियम टायटनेट १०५ केल्विनला घनाकारातून चौकोनी रचनेत जातो आणि त्याचे जुळे प्रांत (वेगवेगळ्या दिशांना वळलेले भाग) पडतात; टँटलेट घनाकारच राहतो. मग दोषी रिक्त जागा की प्रांतांच्या भिंती?

जाळीदार

भिंतीही दोषच की हो! :) त्या तर ध्रुवीय असू शकतात, म्हणजे भाराचा मार्गही उघडतो. तपास असा: १०५ केल्विनमधून खाली येताना सॅम्पलवर एका दिशेने दाब ठेवायचा, म्हणजे एकच प्रांत उरतो, आणि तोच कोन पुन्हा मोजायचा. ऑक्सिजनच्या रिक्त जागांचा हिशोब वेगळा ठेवायचा.

धातुकी

त्या हिशोबाबद्दल. स्ट्रॉन्शियम टायटनेट व्हॅक्यूममध्ये तापवला की रिक्त जागा होतात, पण प्रत्येक जागेबरोबर इलेक्ट्रॉनही सुटतात आणि स्फटिक धातूसारखा वागायला लागतो. मग आडवा संकेत इलेक्ट्रॉनचा की फोनॉनचा? रंग पहिली सूचना देतो: रंगहीन किंवा फिकट पिवळा ठीक, निळसर-काळा म्हणजे गेला. पण डोळ्यांवर भिस्त नको, रोध मोजा.

वीडेमान-फ्रांझ नियमाने (इलेक्ट्रॉनची उष्णतावाहकता = स्थिरांक × तापमान × विद्युतवाहकता) इलेक्ट्रॉनच्या वाट्याची वरची मर्यादा काढता येते. २.४४ × १०^-८ गुणिले २० केल्विन म्हणजे सुमारे ४.९ × १०^-७. रोधकता १ ओम-सेंमी असेल तर वाहकता मीटरला १०० सीमेन्स. गुणाकार: ०.०५ मिलिवॅट प्रति केल्विन-मीटर. इलेक्ट्रॉनचा आडवा वाटा याहून कमीच असणार. तुमचा संकेत काही मिलिवॅटचा असेल तर निर्धास्त राहा. रोधकता हजारपटीने कमी असेल तर संकेतावर विश्वास ठेवू नका.

चूक सुधारायची असेल तर वाहत्या ऑक्सिजनमध्ये साधारण हजार अंश सेल्सियसला काही तास ठेवून सावकाश थंड करतात. पण असं केलेलं सॅम्पल मालिकेत 'शुद्ध' म्हणून धरताना लक्षात ठेवा, रिक्त जागा गेल्या तरी डिस्लोकेशन तिथेच आहेत.

काजवा

थोडक्यात, आधी सॅम्पलचा जन्मदाखला, मग थर्मामीटर.

उष्णतामापी

तिसरा प्रश्न माझ्या आवडीचा, म्हणून लांबण लावतो.

समजा सॅम्पल २ मिमी लांब, १ मिमी रुंद, ०.१ मिमी जाड. सरळ वाहकता १० वॅट प्रति केल्विन-मीटर. संपर्कांमध्ये १ केल्विन फरक हवा तर हीटरमध्ये ०.५ मिलिवॅट लागतील. ५ किलोओमच्या हीटरला सुमारे ०.३२ मिलिअँपियर. कोन हजारात तीन धरला तर आडवा फरक = ०.००३ × १ केल्विन × (रुंदी ÷ लांबी) = १.५ मिलिकेल्विन. वीस केल्विनवर हे प्रमाण सुमारे तेरा हजारांत एक. रोध-थर्मामीटरचा ब्रिज दहा लाखांत एक भाग वाचणारा हवा, नाहीतर थर्मोकपल.

काय बिघडतं:

*संपर्कांची तिरपी बांधणी.* समोरासमोरचे दोन संपर्क ०.१ मिमीने सरकले तरी सरळ उताराचा पाच टक्के, म्हणजे ५० मिलिकेल्विन, आडव्या वाचनात घुसतो. खऱ्या संकेताच्या तीसपट! म्हणून धन आणि ऋण क्षेत्रातली वाचनं वजा करून दोनाने भागणं अनिवार्य. सरळ वाहकता क्षेत्राने बदलते, त्यामुळे शून्य क्षेत्रातलं वाचन वजा करून भागत नाही.

*थर्मामीटरचा स्वतःचा चुंबकरोध, म्हणजे क्षेत्राने बदलणारा रोध.* प्रत्येक क्षेत्रात, हीटर बंद ठेवून, ठोकळ्याचं तापमान बदलत जागेवरच कॅलिब्रेशन करायचं.

*तांब्याचा ठोकळा.* हा सगळ्यात छुपा चोर. शुद्ध तांब्यात इलेक्ट्रॉनचा औष्णिक हॉल परिणाम असतो. मोठ्या क्षेत्रात ठोकळ्यातच आडवा उतार तयार होतो आणि सॅम्पलच्या बुडाशी उमटतो. तो क्षेत्र उलटल्यावर चिन्हही बदलतो, त्यामुळे वजाबाकीने जात नाही. लिथियम फ्लोराइडचा ठोकळा वापरा: विद्युतरोधक, आणि थंडीत उष्णता उत्तम वाहतो. तेच सॅम्पल दोन्ही ठोकळ्यांवर मोजून फरक बघितला तर शंका उरत नाही.

*चांदीचा पेंट.* बाजूच्या संपर्काचा ठिपका लांब पसरला तर आडवा उतार शॉर्ट होतो, आणि भौमितिक चूकही वाढते. ठिपका लहान, तार २५ ते ५० मायक्रॉनची.

*गळती.* २५ मायक्रॉनची मँगॅनिन तार ५ सेंमी लांब असेल तर वीस केल्विनला दर केल्विनला काही शतांश मायक्रोवॅट वाहते. ०.५ मिलिवॅटपुढे काहीच नाही. पण १०० केल्विनच्या वर किरणोत्सर्जनाची गळती तापमानाच्या घनाने वाढते, तिथे कवच लावा आणि उतार लहान ठेवा.

शेवटी रेषीयता: हीटरची शक्ती दुप्पट केली की आडवा फरकही दुप्पट व्हायला हवा.

लघुकोन

यात एक भर. सॅम्पल चुंबकीय असेल आणि त्यात हिस्टेरेसिस (आधीच्या क्षेत्राची आठवण) असेल तर +१५ वरून -१५ टेस्लाला जाऊन वजाबाकी करणं धोक्याचं. क्रम-तापमानाच्या वरून प्रत्येक चिन्हाच्या क्षेत्रात वेगळं थंड करा. क्षेत्र बदलल्यावर लगेच वाचूही नका, ठोकळा आणि सॅम्पल दोन्ही निवांत होऊ द्या.

धातुकी

अल्फा रुथेनियम क्लोराइड मोजणाऱ्यांसाठी: तिथे मुख्य दोष म्हणजे थरांची चुकलेली रचना. चांगल्या स्फटिकात चुंबकीय क्रम ७ केल्विनच्या आसपास एकाच टप्प्यात येतो. थर चुकले की १४ केल्विनच्या आसपास दुसरा टप्पा डोकावतो. स्फटिक पानासारखा मऊ असतो. वाकवला, कात्रीने कापला किंवा जास्त गोंदाने ताणला की थर सरकतात. संपर्क लावण्यापूर्वी आणि मोजणी संपल्यावर, दोन्ही वेळा विशिष्ट उष्णता किंवा चुंबकत्व बघा. फक्त आधी बघितलं तर थंड करताना गोंदाने काय केलं ते कळणार नाही. १५० केल्विनच्या आसपास रचना बदलते, तिथून सावकाश जा.

सरळरेषा

आणि याच पदार्थात स्पिन-द्रवाचा (थंडीतही स्पिनांचा क्रम न लागणाऱ्या अवस्थेचा) औष्णिक हॉलचा अर्धा क्वांटम मोजल्याचा २०१८ चा दावा आहे. फोनॉनचा वाटा वेगळा काढल्याशिवाय तो वाद सुटायचा नाही. दोषांची मालिका तिथे खरी उपयोगी पडेल.

अवांतर: काचेसारखी वाहकता असलेल्या बेरियम-तांबे-अँटिमनी ऑक्साइडमध्येही २०१७ मध्ये औष्णिक हॉल दिसला. मुक्तपथ इतका आखूड असूनही. लघुकोनच्या सूत्रात याला कुठे बसवणार?

लघुकोन

कब 'अ'पेक्षा खूप मोठं, अशा टोकाला. आडवी वाहकता लहान, पण कोन शाबूत. त्या पदार्थात भरपूर सुटी, जोडीदार नसलेली स्पिनं आहेत, आणि तीच फोनॉनला अडवतात असं मानलं जातं. अडवणारा आणि वळवणारा एकच असेल तर कोन टिकायलाच हवा.

गारठा

सगळ्यांचे आभार. तर मालिका अशी आखतो: एकाच वाढीतल्या स्फटिकाचे तुकडे, प्रत्येकाची सरळ वाहकता आणि रोधकता आधी, ठोकळा लिथियम फ्लोराइडचा, आणि कोन विरुद्ध दोषप्रमाण असा आलेख. एक शंका राहिली. दोष प्रोटॉन किंवा इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने एकाच तुकड्यात टप्प्याटप्प्याने वाढवले तर? संपर्क तेच राहतात, भूमिती बदलत नाही.

जाळीदार

कल्पना उत्तम. इलेक्ट्रॉन घ्या, काही मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टचे इलेक्ट्रॉन ०.१ मिमी जाडीतून आरपार जातात, त्यामुळे दोष साधारण एकसारखे पडतात आणि मुख्यतः बिंदुदोष असतात. प्रोटॉन जिथे थांबतात तिथे नुकसानीचा थर साचतो, म्हणून पल्ला जाडीपेक्षा बराच जास्त आहे ना ते तपासा. आणि मारा थंडीत केला असेल तर खोलीच्या तापमानाला आणताना काही रिक्त जागा भरून जातात, म्हणून प्रमाण माऱ्याच्या मात्रेवरून न ठरवता सरळ वाहकतेवरून ठरवा.

उष्णतामापी

चांदीच्या इपॉक्सीचे संपर्क माऱ्याआधीच लावणार असाल तर इपॉक्सी किती मात्रा सोसते ते एका फालतू तुकड्यावर आधी बघून घ्या. थर्मामीटर मात्र माऱ्याच्या वेळी काढूनच ठेवा, नाहीतर कॅलिब्रेशन पुन्हा पहिल्यापासून.